दवंडी पिटणारे अक्षर : स्लॅब सेरिफची जन्मकथा

थ्रेड. विषय वरकरणी क्षुल्लक आहे : छपाईच्या इंग्रजी अक्षराचे एक जाड वळण. परंतु लॉटरी, जाहिरातकर, नेपोलियनची स्वारी, शब्दकोश आणि गुलामांचा व्यापार या साऱ्यांतून त्याची वाट जाते. लेखन दीर्घ आहे, सवडीने वाचावे.

इ.स. १८२० मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीटवरील एक टाइप फाउंड्री, म्हणजे छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना, विक्रीस निघाला. त्याचा मालक रॉबर्ट थॉर्न नुकताच निवर्तला होता. कारखाना विकत घेतला विल्यम थॉरोगुड नावाच्या गृहस्थाने. या धंद्याचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. सरकारी लॉटरीत लागलेल्या पैशातून त्याने ही खरेदी केली, असे मुद्रणाचे इतिहासकार सांगत आले आहेत.

या योगायोगात एक गंमत दडलेली आहे. थॉर्नचा लौकिक होता तो अतिशय जाड, काळ्याकुट्ट अक्षरांबद्दल. आणि अशा अक्षरांच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकांत लॉटरीची तिकिटे विकणारे ठेकेदार होते. ज्या लॉटरीच्या जाहिरातींवर ही अक्षरे पोसली गेली, त्याच लॉटरीच्या पैशाने त्यांचा कारखाना नव्या हाती गेला.

थॉरोगुडने लवकरच आपले नमुनापुस्तक काढले. त्यात थॉर्नने मागे ठेवलेले एक नवे वळण होते आणि त्यास नाव दिले होते ‘इजिप्शियन’. तशाच घडणीचे अक्षर व्हिन्सेंट फिगिन्स या दुसऱ्या लंडनकराने १८१५ ते १८१७ च्या सुमारास ‘अँटिक’ या नावाने दाखवले होते. आज आपण ज्यास स्लॅब सेरिफ म्हणतो ते हेच.

आधी अक्षर पाहू. इंग्रजी मोठा ‘आय’ डोळ्यांसमोर आणावा. मधला उभा खांब आणि त्याच्या वर-खाली दोन छोट्या आडव्या रेघा. या टोकाच्या रेघांना सेरिफ म्हणतात. (देवनागरीची शिरोरेषा हे निराळेच प्रकरण आहे. तिची सेरिफशी तुलना अनेकदा केली जाते, पण ती मला पटत नाही. शिरोरेषा अक्षरे जोडते. सेरिफ एकेका रेघेचा शेवट करते.) पुस्तकी अक्षरांत खांब बेताचा आणि सेरिफ नाजूक असे. थॉर्नच्या पिढीने प्रथम खांब फुगवला, पण सेरिफ केसाएवढीच ठेवली. धिप्पाड पैलवानाच्या पायांत रेशमी दोऱ्याचे पैंजण बांधावेत, तसे ते दिसे. या प्रकारास ‘फॅट फेस’ म्हणत.

फॅट फेसची एक अडचण होती. दुरून पाहिले की केसासारख्या रेघा दिसेनाशा होत आणि नुसते काळे ठोकळे उरत. शिवाय दाबाखाली त्या बारीक रेघा झिजत व तुटत. स्लॅब सेरिफने यावर सरळसोट उपाय केला : टोकाची रेघही खांबाइतकीच जाड करावी. खांबाच्या वर एक पाट आणि खाली एक पाट. सौंदर्याचा प्रश्न बाजूला ठेवला तर हे अक्षर रस्त्याच्या पलीकडून वाचता येई, आणि त्याच्याकडून अपेक्षा तेवढीच होती.

येथे जरा थांबू. युरोपात खिळ्यांची छपाई सुरू होऊन तेव्हा साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती. एवढ्या काळात कोणालाही या अक्षराची गरज भासली नाही. मग १८१५ च्या आसपासच ती का भासावी?

एक उत्तर करात आहे. ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रातील प्रत्येक जाहिरातीवर सरकारी कर असे. १८१५ मध्ये तो साडेतीन शिलिंगांवर गेला. पुढे १८३३ मध्ये तो दीड शिलिंगावर आला आणि १८५३ मध्ये रद्द झाला. शिवाय पत्रांच्या अरुंद, गच्च रकान्यांत मोठ्या अक्षराला जागाच नव्हती. भिंतीला मात्र ना रकाना, ना हा कर. दुकानदार, नाटकवाले, औषधविके आणि लिलाववाले भिंतींकडे वळले ते यामुळे.

दुसरे उत्तर यंत्रात आहे. १८०० च्या सुमारास लॉर्ड स्टॅनहोप यांचा लोखंडी छापयंत्राचा प्रकार आला. जुन्या लाकडी यंत्राचा दाब मोठ्या काळ्या ठशाला पुरत नसे. शाई ठिपकेठिपके उमटे. लोखंडी यंत्राच्या एका ओढीत तो ठसा भरघोस उमटू लागला. जाड अक्षर ओतणे पूर्वीही अशक्य नव्हते. ते नीट छापणे आता सोपे झाले.

आणि तिसरे उत्तर लॉटरी. ठेकेदार सरकारकडून तिकिटे घाऊक घेत आणि त्यांचे अर्धे, पाव, आठवा, सोळावा असे हिस्से करून नफ्याने विकत. सोळाव्या हिश्शाचे गिऱ्हाईक हे वर्तमानपत्र विकत घेणारे गिऱ्हाईक नव्हे. ते रस्त्यावर चालणारे, घाईत असलेले, कदाचित दोन-चार शब्दच वाचू शकणारे. टॉमस बिश या ठेकेदाराने अशा माणसांसाठी हस्तपत्रकांचा अक्षरशः पाऊस पाडला. त्या पत्रकांत बक्षिसाचा आकडा आणि सोडतीची तारीख कागदभर पसरलेली असे. अखेरची सोडत १८२६ च्या ऑक्टोबरात निघाली आणि लॉटरी बंद झाली. तिच्यासाठी घडलेली जाहिरातीची भाषा मात्र राहिली.

त्या काळच्या भिंती कशा दिसत हे पाहायचे असेल तर जॉन ऑर्लॅन्डो पॅरी याचे १८३५ चे लंडनच्या रस्त्याचे जलरंगचित्र शोधावे. पार्श्वभूमीला सेंट पॉलचा घुमट आहे. पण चित्राचा नायक म्हणजे जाहिरातींनी आपादमस्तक झाकलेली भिंत. एकावर एक चिकटवलेली पत्रके, आणि प्रत्येकाचे अक्षर शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडणारे. दवंडीवाल्याने गल्लीत येऊन ढोलके बडवावे, आणि त्याच क्षणी आणखी वीस दवंडीवाले तेथे हजर असावेत, तसा तो देखावा.

आता नावाकडे. ‘इजिप्शियन’ का? नेपोलियनने १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी केली. १८०१ मध्ये तेथील फ्रेंच सैन्य शरण आले आणि रोझेटा शिळा १८०२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली. त्यानंतर लंडनला इजिप्तचे वेड लागले. खुर्च्यांना स्फिंक्सचे पाय आले. पिकॅडिलीत १८१२ मध्ये ‘इजिप्शियन हॉल’ उभा राहिला. नव्या व विचित्र अशा कोणत्याही वस्तूला इजिप्तचे नाव शोभू लागले.

रॉबर्ट साउदी या कवीने १८०७ मध्ये एका काल्पनिक स्पॅनिश प्रवाशाच्या नावाने इंग्लंडचे प्रवासवर्णन लिहिले. त्यात दुकानांच्या पाट्यांवरील ‘इजिप्शियन’ अक्षरांची यथेच्छ टर उडवली आहे. साऱ्या रेघा सारख्याच जाड केल्यामुळे ज्या बारीक असायला हव्या त्यांना हत्तीरोग झाल्यासारखा दिसतो, असा त्याच्या टीकेचा आशय आहे. मात्र साउदीने पाहिलेली अक्षरे रंगाऱ्यांनी रंगवलेली होती, आणि बहुधा त्यांना सेरिफच नव्हती. १८१६ मध्ये विल्यम कॅस्लन चौथा याने सेरिफ नसलेले पहिले छापील अक्षर विक्रीस ठेवले, तेव्हा त्याचेही नाव ‘इजिप्शियन’च होते. पाचेक वर्षांत तेच नाव सर्वांत जाड सेरिफच्या अक्षराला चिकटले. थोडक्यात, सेरिफ मुळीच नसलेले अक्षर आणि सेरिफचा अतिरेक झालेले अक्षर ही दोन्ही एकाच नावाने विकली गेली, आणि नाईल नदीशी दोहोंचाही काही संबंध नव्हता. तरीही नाव टिकले. विसाव्या शतकात स्लॅब सेरिफ पुन्हा लोकप्रिय झाली तेव्हा नव्या वळणांची बारशी झाली ती ‘मेम्फिस’, ‘कर्नाक’ आणि ‘कैरो’ अशी!

जुन्या वळणाच्या मुद्रकांना हा सारा प्रकार असह्य झाला. टी. सी. हॅन्सर्ड यांनी १८२५ मध्ये आपल्या मुद्रणविषयक ग्रंथात या बेढब जाड अक्षरांची कठोर शब्दांत हजेरी घेतली. त्यांचा त्रागा समजण्याजोगा आहे. शतकानुशतके मुद्रकाचे कौशल्य कशात मानले जाई? अक्षर वाचकाच्या लक्षातही येऊ नये आणि मजकूर सहज आत जावा, यात. येथे अक्षरच पुढे येऊन वाचकाचे मनगट धरत होते.

या उद्धट अक्षराला माणसाळवले ते १८४५ मध्ये, आणि तेही त्याच फॅन स्ट्रीटच्या कारखान्याने. तेथील रॉबर्ट बेझ्ली याने ‘क्लॅरेंडन’ नावाचे वळण बाजारात आणले. पंच कोरले होते बेंजामिन फॉक्स या कारागिराने. पाट आणि खांब यांच्या काटकोनात येथे एक हलकी कमान भरली, जाडी थोडी उतरवली आणि रुंदी आवळली. फरक किरकोळ दिसतो. पण हे जाड अक्षर आता पुस्तकाच्या साध्या अक्षरांच्या मापात, त्यांच्याच ओळीत, त्यांच्या शेजारी बसू शकत होते. क्लॅरेंडनचा शब्द उठून दिसतो आणि तरीही बाकीच्या ओळींना दडपून टाकत नाही, हेच बेझ्लीने आपल्या जाहिरातीत त्याचे गुण म्हणून सांगितले. मला हे वाक्य कारखानदाराच्या बढाईपेक्षा अधिक मोलाचे वाटते. कारण आजवर जाड अक्षराचा गुण एकच होता : इतरांना दडपणे.

बेझ्ली धूर्तही होता. १८४२ च्या कायद्यानुसार वस्तूंच्या आकृतिबंधांना नोंदणी करून संरक्षण मिळे. त्याने क्लॅरेंडनची नोंद केली. संरक्षणाची मुदत मात्र तीनच वर्षांची होती. ती संपताच इतर कारखान्यांनी धडाधड नकला केल्या आणि बेझ्लीला नकलाकारांवर जाहीर आगपाखड करण्यावाचून काही उरले नाही. (त्याचे फार बिघडले नाही. १८६९ मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला.) नकलांमुळे वळण इतके पसरले की इंग्रजी छापखान्यांत ‘क्लॅरेंडन’ हे विशेषनाम न राहता कोणत्याही ठळक अक्षराचे सामान्यनाम बनले.

याचे सर्वांत प्रतिष्ठित उदाहरण ऑक्सफर्डचे. जेम्स मरे यांच्या महाकोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्ये छापले गेले. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात हे काम मोठ्या लिपीतील अक्षरांवर भागवले होते. मरे यांच्या पानावर मुख्य शब्द, व्युत्पत्ती, अर्थ, अवतरणे असे अनेक थर आहेत. डोळ्याने पान वरून खाली चाळताना नेमका शब्द सापडावा लागतो. तो सापडतो या वळणामुळे. तिकीट घ्या म्हणून रस्त्यात ओरडणाऱ्या अक्षराची नात विद्वानांच्या मेजावर खालच्या आवाजात बोलू लागली, असे म्हणता येईल. आपण मराठीत आकाशवाणीवरच्या बातम्यांनाही ‘ठळक’ म्हणतो. तेथे ना शाई असते ना कागद. तरी महत्त्वाचे ते जाड, ही समजूत आपल्याही अंगवळणी पडली आहे.

ही झाली सुसंस्कृत शाखा. दुसरी शाखा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली आणि तेथे तिने लाकडाचे रूप घेतले. शिशाचे फार मोठे खिळे जड, महाग आणि ओतताना वाकडेतिकडे निवणारे. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स याने १८२७ मध्ये फिरत्या कातणीने लाकडी अक्षर कोरण्याची युक्ती काढली आणि पुढच्या वर्षी लाकडी टाइपाचे पहिले सूचीपत्र छापले. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने तिला पँटोग्राफची जोड दिली. आता एकाच मूळ आराखड्यावरून वीतभर उंचीचे, रुंद, अरुंद, हवे तसे अक्षर कापून मिळू लागले. गावोगावच्या छापखान्यांत मेपलच्या लाकडातील स्लॅब सेरिफचे संच दिसू लागले.

या भित्तिपत्रकांची रचना समजून घेतली नाही तर त्यांचे वाचन चुकते. जुळारी प्रत्येक ओळ कागदाच्या पूर्ण रुंदीला भिडवी. त्यासाठी आखूड शब्दाला रुंद अक्षर आणि लांब शब्दाला अरुंद अक्षर निवडावे लागे. म्हणून एका पत्रकात सात-आठ वळणांची खिचडी दिसते. तेव्हा ‘अक्षर मोठे म्हणून मुद्दा मोठा’ असे प्रत्येक वेळी समजू नये. कधीकधी शब्दच आखूड असतो. मात्र ओळ कोठे तोडायची आणि कोणत्या शब्दाला स्वतंत्र ओळ द्यायची हा निर्णय माणसाचा होता. तो निर्णय वाचता येतो.

पळालेल्या गुलामाला पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करणारी पत्रके याच घडणीची आहेत. बहुतेकदा इनामाची रक्कम सर्वांत वर, सर्वांत काळी. माणसाचे नाव, वय, अंगावरच्या खुणा खाली बारीक अक्षरांत. लंडनच्या लॉटरीच्या पत्रकात बक्षिसाचा आकडा जेथे असे, तेथेच हा आकडा आहे. ही रचना कोणी क्रौर्याने मुद्दाम योजली असे मला वाटत नाही. जुळाऱ्याच्या हाताला तीच सवय होती, आणि माणूस विकण्याच्या कामाला ती जशीच्या तशी लागू पडली. अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

त्या पत्रकांत पुष्कळदा एक छोटे चित्रही असे : काठीला गाठोडे अडकवून निघालेली एक आकृती. हे चित्र पत्रकागणिक काढले जात नसे. खिळ्यांप्रमाणेच ते तयार ठशाच्या रूपात विकत मिळे. अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीच्या ‘अँटी-स्लेव्हरी रेकॉर्ड’ या मासिकाने जुलै १८३७ च्या अंकाच्या दर्शनी पानावर नेमका हाच ठसा छापला आणि खुलासा केला की दक्षिणेच्या बाजारपेठेसाठी असे ठसे याच शहरात तयार होतात. मासिक निघत होते न्यूयॉर्कमधून. गुलामगिरी ही दूरच्या दक्षिणेतील कापूसमळ्यांची गोष्ट आहे, अशी समजूत करून बसलेल्या उत्तरेतील वाचकाला हा चिमटा होता. आपल्याच गल्लीतला कारागीर हा ठसा ओततो आणि त्याचे सूचीपत्र आपल्याच टपालाने जाते, हे त्याने पाहावे.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर १८५० मध्ये अमेरिकेत पलायित गुलामांचा कायदा झाला आणि उत्तरेतील मुक्त राज्यांतूनही माणसे पकडून परत नेता येऊ लागली. एप्रिल १८५१ मध्ये बॉस्टनमधून टॉमस सिम्स या तरुणाला पकडून जॉर्जियाला परत धाडण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच, २४ एप्रिल ही तारीख असलेले एक पत्रक शहरात लागले. ते थिओडोर पार्कर या धर्मोपदेशकाने लिहिले होते. नगरपालिकेच्या आदेशाने शहराचे पोलीसच आता अपहरणकर्ते बनले आहेत; त्यांच्याशी बोलू नका, त्यांना टाळा, असे त्यात कृष्णवर्णीय रहिवाशांना बजावले होते.

या पत्रकाच्या प्रती उपलब्ध आहेत आणि ते समोर ठेवून पाहण्याजोगे आहे. ओळीओळीला वळण बदलते. सावधगिरीचा इशारा, तो ज्यांच्यासाठी आहे त्यांचा उल्लेख आणि अपहरणकर्त्यांसाठीचा शब्द हे मोठे केले आहेत. सारा मजकूर वाचायला ज्याला वेळ नाही किंवा जमत नाही, त्यालाही तेवढ्या शब्दांत अर्थ पोचावा. इनामाच्या पत्रकाची हीच रीत होती. तेथे ती पकडणाऱ्याला उद्देशून होती. येथे जो पकडला जाईल त्याला उद्देशून आहे. अक्षरे मात्र त्याच पेटीतली.

मग हे अक्षर आपल्या मनात ‘काउबॉय’चे कसे झाले? शतकाच्या उत्तरार्धात ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ नावाचा प्रकार फोफावला. त्यात वरखालचे पाट खांबांपेक्षाही जाड आणि अक्षर उंच, चिंचोळे. सर्कस आणि फिरत्या नाटक मंडळ्यांनी तो उचलला. पुढे हॉलिवुडच्या पश्चिमपटांनी दारूच्या गुत्त्याची पाटी असो वा फरारी गुन्हेगाराचे इनाम, सर्वत्र तोच चालवला. आमच्या वसतिगृहात कोणाच्या वाढदिवसाला ‘वाँटेड’ लिहिलेले विनोदी पोस्टर केले जाते, तेव्हा संगणकावर हमखास निवडला जाणारा फाँट म्हणजे ‘प्लेबिल’. अस्सल रानटी अमेरिका म्हणून तो निवडतात. इनामाच्या पत्रकांचा खरा इतिहास ठाऊक झाल्यापासून मला त्या विनोदात पूर्वीसारखे हसू येत नाही, हेही सांगितले पाहिजे.

तसाही तो फाँट अमेरिकेचा नाहीच. १९३८ मध्ये रॉबर्ट हार्लिंग या इंग्रज आरेखकाने शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या कारखान्यासाठी तो रचला. आणि याच स्टीफन्सन ब्लेकने विसाव्या शतकाच्या आरंभी फॅन स्ट्रीटचा तो जुना कारखाना, थॉर्नचा, थॉरोगुडचा आणि बेझ्लीचा, खिळ्या-साच्यांसकट विकत घेतला होता.